जुन्या पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक अपग्रेड करायचेत? आधी हे समजून घ्या

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण गावाकडे आमच्या घरी एक जुनी जीप-पिकअप आहे. कांद्याच्या गोण्या भरून ती धाराशिवहून तुळजापूर घाटाने सोलापूरला जाते आणि येताना रिकामी येते. मागच्या वर्षी घाट उतरताना तिचं पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. गाडी थांबली, पण चुलत्यांनी खाली उतरून पहिलं वाक्य टाकलं, "कोजागिरीला हे झालं असतं तर?"

धाराशिव-सोलापूरकडच्या वाचकांना त्याचा अर्थ लगेच कळेल. कोजागिरी पौर्णिमेच्या आसपास याच रस्त्याने हजारो भाविक रात्री पायी तुळजापूरला जातात. घाटात माणसं, अंधार आणि वरून येणारी भरलेली गाडी, असं ते चित्र.

मी चार-पाच व्हिडिओ बघितले आणि निर्णय घेऊन टाकला: मागे मोठे ड्रम बसवायचे, जमलं तर डिस्कच. आमच्या मिस्त्रीकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भरलेल्या गाडीचं ठीक आहे रे. रिकामी गाडी पावसात दाबलीस तर मागचा भाग कुठं जाईल?" मला उत्तर देता आलं नाही. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे कळलं, ते या लेखात सोप्या भाषेत देतोय.

थोडक्यात उत्तर

मागच्या ब्रेकचं अपग्रेड म्हणजे मागचा ब्रेक जास्तीत जास्त जोरकस करणं नव्हे. पुढचा आणि मागचा ब्रेक यांचा तोल राखून, ब्रेक गरम झाल्यावरही तसेच लागतील अशी व्यवस्था करणं म्हणजे अपग्रेड. नुसता मागचा ब्रेक ताकदवान केला तर भरलेली गाडी कदाचित थोडी लवकर थांबेल, पण रिकामी गाडी गोल फिरू शकते. ते का, हे खाली आकड्यांत बघू.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्याच घराण्यातल्या जीप, लांब चेसिसच्या पिकअप आणि चपट्या तोंडाच्या एफसी मालिकेतल्या गाड्या महाराष्ट्रभर पसरल्या. त्यानंतर १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि १९८८ मध्ये टाटा मोबाईल आली. आपल्या भागात एमएच-२५ नंबरच्या अशा जुन्या गाड्या अजूनही शेतमाल, मंडपाचं सामान आणि पाण्याच्या टाक्या ओढताना दिसतात.

विलीस घराण्यातल्या जुन्या गाड्यांची काही खास वैशिष्ट्यं आहेत:

• चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या विलीस जीपचे ड्रम ९ इंच व्यासाचे होते.
• एकच हायड्रॉलिक सर्किट. म्हणजे मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना जाणारी तेलाची वाट एकच.
• मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली.
• बूस्टर नाही. सगळा जोर पायाचा.
• हँडब्रेक मागच्या चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर.

तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आधी खाली वाकून बघा. मागच्या मालकाने काय काय बदललंय हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

ड्रम ब्रेक कसा चालतो?

चाकासोबत एक लोखंडी भांडं फिरतं, तो ड्रम. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर घर्षणाचं लायनर बसवलेलं असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेलावर दाब देतो. तो दाब पाइपमधून चाकातल्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमवर आतून घासतात.

यात एक गंमत आहे. गाडी पुढे जात असताना दोन शूंपैकी एक शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनेच टेकतो. फिरणारा ड्रम त्याला स्वतःकडे आणखी ओढून घेतो. म्हणजे तुमच्या पायाच्या जोरात ड्रम स्वतःच भर घालतो. या शूला लीडिंग शू म्हणतात. दुसऱ्या शूला ड्रम उलट दूर लोटतो, म्हणून तो कमी काम करतो. गाडी रिव्हर्समध्ये असेल तेव्हा दोघांची भूमिका बदलते. बूस्टर नसलेल्या गाड्या इतकी वर्षं चालल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण याच गुणाचा तोटाही आहे. घर्षण थोडं बदललं तरी ब्रेकचा जोर बराच बदलतो. डाव्या चाकाच्या लायनरला तेल लागलं आणि उजवं कोरडं राहिलं, तर गाडी जोरात एका बाजूला ओढते.

घाटात ब्रेक का सुटतात?

फोनवर तासभर गेम खेळलात की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो. प्रोसेसर बिघडलेला नसतो, उष्णता बाहेर टाकायला जागा नसते म्हणून त्याचा वेग कमी केला जातो. ब्रेकचंही असंच होतं. फरक एवढाच, की फोन स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो आणि ब्रेक मंद झाला की वाचवायला कोणी नसतं.

हिशेब करू. माल भरून गाडीचं वजन २५०० किलो धरा. ताशी ६० किमी वेगात तिच्यात सुमारे ३.५ लाख जूल ऊर्जा असते. एकदा पूर्ण थांबताना ही जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. आता हीच गाडी घाटात १०० मीटर उंची उतरली, तर सुमारे २४.५ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ६० च्या वेगावरून लागोपाठ सात वेळा गाडी थांबवण्याइतकी!

एक ड्रम ८ किलोचा धरला तर चार ड्रम मिळून ३२ किलो लोखंड होतं. ही सगळी उष्णता त्यांच्यातच गेली तर तापमान साधारण १६५ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते आणि काही भार इंजिन घेतं. पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरलात, तर इंजिनाची मदत शून्य.

ड्रम तापला की तीन गोष्टी होतात:

१. ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो. त्यामुळे पेडल जास्त खाली जातं. डिस्कमध्ये उलट होतं, तापलेली डिस्क फुगून पॅडच्या जवळ येते.
२. लायनरचं घर्षण कमी होतं. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात.
३. ब्रेक ऑइल उकळू शकतं. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजसारखं मऊ होऊन तळाला जातं.

तिसरा धोका जुन्या तेलात जास्त असतो, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ ऑइलच्या मानकात नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आहे, तर ओलावा शोषलेल्या तेलाचा किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलावर घाट उतरणं म्हणजे ६५-७५ अंशांची सुरक्षितता आपणच गमावणं.

मागचाच ब्रेक मोठा केला तर काय होईल?

आता मिस्त्रीकाकांचा प्रश्न. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली करते, म्हणजे वजन मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, ते तीन गोष्टींवर ठरतं: किती जोरात ब्रेक लावला, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर किती आहे.

समजा ॲक्सलमधलं अंतर २.८ मीटर, गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर आणि ब्रेकचा जोर ०.६ जी, म्हणजे चांगला करकचून. मग गाडीच्या एकूण वजनाच्या १५ टक्के भार मागून पुढे जातो.

• रिकामी गाडी: एकूण १५०० किलो. उभी असताना मागच्या चाकांवर ६०० किलो. ब्रेक लावल्यावर उरतात ३७५ किलो.
• भरलेली गाडी: एकूण २५०० किलो. उभी असताना मागच्या चाकांवर १५०० किलो. ब्रेक लावल्यावर उरतात ११२५ किलो.

सगळी गोम इथेच आहे. एकाच मागच्या ब्रेकला कधी ३७५ किलो भाराच्या चाकांना सांभाळायचंय, तर कधी ११२५ किलोच्या. तिप्पट फरक! ११२५ किलोसाठी बनवलेला ब्रेक रिकाम्या गाडीत लावला तर मागची चाकं झटकन लॉक होतात.

आणि मागची चाकं आधी लॉक होणं सर्वांत वाईट. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ घसरत राहते. पेडल थोडं सोडलं की स्टिअरिंग परत हातात येतं. मागची चाकं लॉक झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी फिरते. ओल्या रस्त्यावर, वळणावर, हे सावरायला ड्रायव्हरला वेळच मिळत नाही. म्हणून कंपनी गाडी बनवताना पुढची चाकं आधी लॉक होतील असा हिशेब ठेवते. जुन्या पिकअपमध्ये एबीएस नसल्यामुळे हा तोल म्हणजेच तुमची एकमेव सुरक्षा.

बऱ्याच पुढच्या काळातल्या पिकअपमध्ये यासाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसला बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की पाटे दबतात, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पण जास्त माल नेता यावा म्हणून कोणी जादा पाटे टाकले, तर गाडी भरूनही दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमीच लागतो. 'पाटे टाकल्यापासून ब्रेक कमी झाला' अशी तक्रार असेल तर ड्रम खोलायच्या आधी ही दांडी बघा.

कोणता बदल नेमकं काय करतो?

गॅरेजमध्ये सगळ्यालाच 'ब्रेक वाढवला' म्हणतात. पण प्रत्येक बदलाचं काम वेगळं आहे.

• मोठा ड्रम: ९ इंचाऐवजी ११ इंचाचा ड्रम लावला तर शूचा जोर तेवढाच राहूनही चाक थांबवणारा पीळ सुमारे २२ टक्के वाढतो. शिवाय लोखंड जास्त असल्यामुळे तो उशिरा तापतो. जुन्या विलीस जीपला नंतरच्या मॉडेलचे ११ इंची ड्रम बसवणं हा जगभरातल्या जीपप्रेमींचा आवडता बदल आहे, पण ते चारही चाकांना बसवतात.

• रुंद शू: यामुळे ब्रेकचा जोर वाढतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. तोच दाब जास्त जागेवर पसरतो, एवढंच. फायदा असा, की लायनर कमी तापतं आणि जास्त टिकतं.

• मोठा व्हील सिलिंडर: २२.२ मिमी ऐवजी २५.४ मिमी बोअरचा सिलिंडर लावला तर जोर सुमारे ३१ टक्के वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पण तेवढंच जास्त तेलही लागतं, म्हणजे पेडल आणखी खाली जातं. मागच्या चाकांत हा बदल केला तर वरचा तोल नेमका बिघडतो.

• बूस्टर: चारही चाकांचा जोर एकत्र वाढतो, पाय कमी दुखतो. पण डिझेल इंजिनात बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंजिन बंद करून उतरलात तर दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते.

• मोठे टायर: हे ब्रेक कमी करतात! टायरची त्रिज्या १० टक्के वाढली तर त्याच ब्रेकमधून रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे ९ टक्के घटतो. गाडी उंच दिसावी म्हणून टायर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अपग्रेडचा योग्य क्रम

पायरी १: आहे ते मूळ स्थितीत आणा. आमच्या गाडीचं अर्धं दुखणं इथेच निघालं. मागचा डावा ड्रम काढला तर लायनर ओलं. ते ब्रेक ऑइल नव्हतं, डिफरन्शियलचं गिअर ऑइल होतं. ॲक्सलचा सील गेला होता. गिअर ऑइलला उग्र वास असतो आणि ते जास्त चिकट असतं, त्यावरून फरक कळतो. गळती बंद न करता नवे शू टाकले असते तर आठवड्यात तेही भिजले असते. तेल प्यायलेलं लायनर धुऊन किंवा भाजून परत वापरू नका, बदला. आणि बदलताना डावं-उजवं जोडीनेच बदला.

पायरी २: ड्रम मोजा. ड्रमवर बहुतेक वेळा कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर टर्निंग केल्यावर व्यास त्याच्या पुढे जाणार असेल तर ड्रम भंगारात घाला. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकूही शकतो. टर्निंग केलेल्या ड्रमला नवं लायनर पूर्ण टेकतंय का तेही बघा. खडू लावून ड्रम हाताने फिरवला की लायनर कुठे टेकतंय ते दिसतं.

पायरी ३: व्हील सिलिंडर, होज आणि तेल. रबरी टोपी हलकेच उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. बोअरला गंजाचे खड्डे असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही. रबरी होजला बारीक चिरा असतील तर बदला. सगळं जुनं तेल काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं भरा.

पायरी ४: सर्किट दोन करा. माझ्या मते जुन्या जीपसाठी हा सर्वांत मोलाचा बदल आहे. एकाच सर्किटच्या गाडीत एक पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात. डेटा सेंटरमध्ये आम्ही एकाच केबलवर सगळा भार कधीच ठेवत नाही, इथे तर माणसं आहेत. टँडम मास्टर सिलिंडर लावला की पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं होतं. एक गेलं तरी दुसरं काही प्रमाणात थांबवतं. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, कारण सिलिंडरचा बोअर आणि पेडलचा लिव्हर जुळला नाही तर पेडल एकतर दगड होतं नाहीतर लोणी.

पायरी ५: मग आकार वाढवा, पण चारही चाकांचा. बजेट एकाच ॲक्सलचं असेल तर आधी पुढचा. पुढचा ब्रेक वाढवून रिकाम्या गाडीचा तोल सहसा सुरक्षित बाजूला राहतो.

पायरी ६: मागच्या लाइनवर दाब-नियंत्रक व्हॉल्व्ह. मागचा ब्रेक वाढवलाच असेल तर हाताने जुळवता येणारा व्हॉल्व्ह मागच्या पाइपमध्ये बसवून दाब कमी करता येतो. पण तो रिकाम्या गाडीवर जुळवा, भरलेल्या नव्हे.

मागे डिस्क बसवावी का?

डिस्क लवकर थंड होते, पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते आणि तिचा जोर अंदाजात राहतो. पण डिस्कमध्ये लीडिंग शूसारखी स्वतःची मदत नसते. म्हणून तिला तेलाचा जास्त दाब लागतो, म्हणजे बहुधा बूस्टर आलाच. कॅलिपरला तेलही जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलला. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर तेल मागे ओघळू नये म्हणून हलका दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्हही लागतो. आणि ज्या पिकअपचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये असतो, तिचा हँडब्रेकच जातो. उतारावर उभ्या गाडीला हँडब्रेक नाही, हे चालणार नाही.

म्हणून डिस्क बसवायची असेल तर आधी पुढे. मागे चांगल्या स्थितीतला ड्रम पुरेसा आहे. आजही कितीतरी नव्या पिकअप पुढे डिस्क, मागे ड्रम अशाच येतात.

काम करताना ही काळजी घ्या

• गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर कधीही नाही. खाली भक्कम घोडी लावा.
• ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले तर कायमचं नुकसान करतात. मास्क लावा, धूळ ओली करून पुसा.
• दोन्ही ड्रम एकदम खोलू नका. एक बाजू जशीच्या तशी ठेवली की स्प्रिंग कुठे होती ते बघता येतं. खोलायच्या आधी फोनने फोटो काढा.
• ब्रेकच्या तेलात इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही मिसळू नका. आतले रबर फुगतात आणि ब्रेक अडकतात.
• एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.
• शू ॲडजस्ट करताना चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. घासत ठेवलेला ब्रेक घाटात आधीच तापलेला असतो.

फोनने ब्रेकची चाचणी कशी करायची?

हा भाग खास आपल्या वाचकांसाठी. तुमच्या फोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेन इथल्या तांत्रिक विद्यापीठात बनवलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप तो सेन्सर वाचून आलेख दाखवतं.

१. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा. हलणारा होल्डर चालणार नाही.
२. मोकळं, कोरडं, सपाट मैदान किंवा बंद रस्ता निवडा. चालू रस्त्यावर अजिबात नको.
३. 'जी शिवाय त्वरण' हा प्रयोग सुरू करा, गाडी ताशी ३० किमी वेगात न्या आणि सरळ रेषेत ब्रेक लावा. फोन हाताळायला शेजारी दुसरा माणूस हवा.
४. आलेखातलं टोक बघू नका, मधला सपाट भाग बघा. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे साधारण अर्धा जी.
५. पडताळणीसाठी टेपने थांबण्याचं अंतर मोजा. ३० च्या वेगावरून अर्ध्या जी ने थांबायला ब्रेक लागल्यापासून सुमारे ७ मीटर लागतात.

बाहेर उभ्या माणसाला मागच्या चाकाचा स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा. पुढचं चाक फिरत असताना मागचं थांबलेलं दिसलं, तर तोल बिघडलेला आहे. ही चाचणी रिकाम्या गाडीवर आधी करा. नंतर चारही ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या ड्रममध्ये मोठा फरक असेल तर थंड राहिलेला ब्रेक काम करत नाहीये किंवा गरम झालेला अडकलाय.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. झिजलेले शू, सिलिंडर, ड्रम त्याच मापाचे बदलणं ही दुरुस्ती आहे. पण ॲक्सल किंवा ब्रेकची रचनाच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. मात्र तिची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे कांदा वाहायचा की व्हिंटेज नंबर मिरवायचा, हे आधी ठरवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवे शू टाकल्यावर ब्रेक कमी का लागतो?
नवं लायनर ड्रमला पूर्ण बसलेलं नसतं. ताशी ४० च्या वेगावरून मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी ब्रेक थंड होऊ द्या. पहिल्याच दिवशी भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

पेडल दोनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो, म्हणजे काय?
बहुधा शू ॲडजस्ट नाहीत. दुसऱ्या दाबाला राहिलेलं अंतर भरून निघतं. पेडल स्पंजी असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहेत.

ओढ्यातून गेल्यावर ब्रेक लागत नाही?
ड्रममध्ये पाणी शिरलंय. हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवा, उष्णतेने ते सुकेल. खात्री झाल्यावरच वेग वाढवा.

घाटात ब्रेक गरम झालाय असं वाटलं तर?
खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा बघून थांबा आणि थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकू शकतो.

शेवटी आम्ही काय केलं?

ॲक्सलचा सील, चारही चाकांचे शू, मागचे दोन व्हील सिलिंडर, सगळे होज आणि नवं तेल. नंतर टँडम मास्टर सिलिंडर. मागचे ड्रम होते त्याच मापाचे ठेवले. रिकाम्या गाडीवर चाचणी घेतली तेव्हा व्हिडिओत पुढची चाकं आधी थांबताना दिसली. मिस्त्रीकाकांनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर दोनदा बघितला आणि म्हणाले, "आता भर कांदा."

आणि एक नियम चुलत्यांनी गाडीत लिहूनच ठेवलाय, तो कुठल्याही अपग्रेडपेक्षा स्वस्त आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल नाही, चावी बंद नाही. ब्रेक हा गाडी थांबवण्यासाठी असतो, उतारभर धरून ठेवण्यासाठी नाही. घाटात जुनी पिकअप चालवणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.